मामा तलावांतील गाळ जरूर काढा, पण उथळ काठ राखा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलावांचे खोलीकरण करताना पक्षी, मासे आणि पाणवनस्पती यांचा विचार व्हावा, याबाबत.

महोदय,

आपल्या वृत्तपत्रात नोव्हेंबरमध्ये पक्षी सप्ताहाच्या, जानेवारीत पाणपक्ष्यांच्या गणनेच्या आणि जूनमध्ये सारस गणनेच्या बातम्या अगत्याने छापल्या जातात, याचे आमच्यासारख्या पक्षिप्रेमी वाचकांना नेहमीच समाधान वाटते. फाल्गुन आणि चैत्र हे दोन महिने मात्र या सगळ्या गणनांच्या आणि सप्ताहांच्या मधल्या मोकळ्या जागेत राहून जातात. थंडीत आलेली बदके बरीचशी परतीला लागलेली असतात, ऊन वाढलेले असते आणि तलावावर आता पाहण्यासारखे काही उरले नाही असे समजून दुर्बिणी कपाटात ठेवल्या जातात. नेमक्या याच काळात तलावांचे पाणी उतरते, तळ उघडा पडतो आणि गाळ काढण्यासाठी यंत्रे तलावात उतरतात. एखाद्या तलावाचा काठ पुढची कित्येक वर्षे कसा राहणार, हे ज्या आठवड्यांत ठरते, त्याच आठवड्यांत तिथे काय जगत आहे हे पाहायला कोणीही हजर नसते. ही गोष्ट मला फार गंभीर वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपले अनेक वाचक या भागाबाहेरचे आहेत, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच बोलीतले ‘मामा तलाव’, सहा-सात हजारांच्या घरात आहेत. गोंड राजांच्या काळात, त्यांच्या उत्तेजनाने, कोहळी समाजाने यांतील कितीतरी तलाव बांधले. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली, तलाव सरकारजमा झाले आणि पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे व मोठे जलसंपदा विभागाकडे गेले. या तलावांची रचना समजून घेतली तर पुढचे सारे म्हणणे सहज ध्यानात येईल. जमिनीचा उतार पाहून एका बाजूला मातीची पाळ घातलेली असते, पाळीजवळ पाणी सर्वांत खोल असते आणि तिथेच तुडूम, म्हणजे शेताला पाणी सोडण्याची पायऱ्यापायऱ्यांची मोरी असते. पाळीपासून वर, जिकडून पाणी येते त्या दिशेला, तलाव हळूहळू उथळ होत जातो आणि शेवटी जमिनीत इतका बेमालूम मिसळतो की तलाव कुठे संपला आणि बांधी, म्हणजे बांध घातलेले धानाचे शेत, कुठे सुरू झाली हे पावसाळ्यात सांगता येत नाही. या उथळ बाजूला बहुतेक सरकारी कागदांत ‘गाळाने भरलेले क्षेत्र’ एवढीच ओळख असते. पक्षी पाहणाऱ्याला मात्र तलाव म्हणजे मुख्यतः तेवढीच बाजू.

गेल्या शनिवारी आणि रविवारी आम्ही काही मित्र अर्जुनी मोरगाव आणि साकोली या तालुक्यांतील तलावांवर फिरलो. पळसाचा बहर ओसरत आला होता आणि मोहफुले वेचायला बाया पहाटेच टोपल्या घेऊन निघाल्या होत्या. पहिल्या दिवशी ज्या गावतलावावर गेलो, तिथे गेल्या काही वर्षांत यंत्र लागलेले नाही. पाणी निम्म्यापेक्षा अधिक उतरलेले होते आणि उथळ बाजूला चिखलाचे, ओल्या मातीचे आणि कोवळ्या गवताचे पट्टे एकामागोमाग एक उघडे पडले होते. अगदी पाण्याच्या कडेला कंठेरी चिखल्या तुरुतुरु धावत होते. घोटाभर पाण्यात ठिपकेवाले तुतवार शेपटी हलवत टोचत होते. वीतभर पाण्यात शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर चालत होते. त्यापलीकडे, जिथे देवधानाचे, म्हणजे रानधानाचे, खुंट पाण्याबाहेर डोकावत होते, तिथे उघड्या चोचीचे करकोचे गोगलगाई शोधत होते. ज्याच्या पायांची आणि चोचीची जेवढी लांबी, तेवढ्याच पाण्यात त्याला अन्न मिळते. म्हणून तळाचा उतार जितका मंद, तितक्या अधिक जातींना एका वेळी जागा मिळते. हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि फाल्गुनातल्या तलावावर तासभर एका जागी बसून पाहणे वेगळे.

त्याच काठावर पिवळ्या धोब्यांचा थवा होता. हिवाळ्यात हे पक्षी मळकट, फिकट दिसतात आणि नवशिक्या निरीक्षकाला ते ओळखणे अवघड जाते. आता त्यांची पिसे बदलत होती. एका नराचे पोट हळदीसारखे पिवळे झाले होते, डोके राखी-निळे झाले होते, पण गळ्याशी जुनी फिकट पिसे अजून शिल्लक होती. तो चिखलात उमटलेल्या गुरांच्या खुरांच्या खळग्यांतून माश्या टिपत होता आणि दर चार पावलांवर थांबून ती जुनी पिसे चोचीने विंचरत होता. विणीचा वेष चढला की हे पक्षी उत्तरेला निघतील. पाण्याच्या मधोमध भुवई बदकांची छोटी टोळी होती. नराच्या डोळ्यावरची पांढरी, मानेपर्यंत गेलेली भुवई या दिवसांत इतकी ठसठशीत असते की दुर्बिणीशिवायही ओळख पटते. मध्य आशिया आणि सायबेरियापर्यंत पोचायचे असलेल्या या पक्ष्यांना निघण्यापूर्वी अंगात चरबी साठवावी लागते, आणि ती चरबी येते उतरत्या पाण्यातल्या किड्यांच्या अळ्यांतून, गोगलगाईंतून आणि पाणवनस्पतींच्या बियांतून. थंडीत पक्षी येतात तेव्हा तलाव भरलेले असतात आणि निवारा सगळीकडे मिळतो. परतीच्या वेळी अन्न मात्र याच उघड्या पडणाऱ्या काठांवर असते. त्यामुळे वसंतातला उथळ काठ गेला, तर पक्षी पुढच्या थंडीत येतील की नाही हा प्रश्न नंतरचा. या वर्षी ते किती ताकदीनिशी परत जातील हाच प्रश्न उभा राहतो.

पाहुण्यांबरोबर घरचेही होतेच. अडई, काणूक, टिबुकली, कमळाच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी, झुडपांच्या आडोशाने वावरणाऱ्या जांभळ्या पाणकोंबड्या. दलदल भोवत्या वरून घिरट्या घालू लागला की सगळा काठ एकदम उठायचा आणि पुन्हा बसायचा. सांडव्याजवळच्या ओल्या वाळूत पाणमांजराच्या पावलांचे ताजे ठसे होते, बोटांमधल्या पडद्याची पुसट रेघही दिसत होती आणि शेजारच्या दगडावर माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा होती. पाणमांजर प्रत्यक्ष दिसले नाही, पण नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या सीमेबाहेरच्या एका गावतलावावर ते वावरते आहे, ही खूण माझ्या दृष्टीने त्या दिवसाची सर्वांत मोलाची नोंद होती.

दुसऱ्या दिवशी ज्या तलावावर गेलो, तिथे आदल्या उन्हाळ्यात खोलीकरण झाले आहे. तो तलाव कोणाच्या अखत्यारीत आहे आणि काम कोणी केले याचा येथे उल्लेख करीत नाही, कारण माझे म्हणणे एका कामापुरते नाही. उथळ बाजूला जिथे पूर्वी मंद उतार होता, तिथे माणसाच्या उंचीपेक्षा खोल, सरळ उभ्या कडांचे चौकोनी खड्डे होते. खड्ड्यांत पाणी होते, भरपूर होते. पण काठावर एक वंचक आणि दोन गायबगळे सोडले तर काही नव्हते. कडेवर उभ्या असलेल्या वंचकाला पाणी पायांखाली सहा-सात फूट खोल दिसत होते. तिथे त्याला उतरता येत नव्हते. चिखल नाही, गवत नाही, उथळ पाणी नाही. उपसलेल्या मातीचे ढीग पाळीच्या बाजूला तसेच पडलेले होते आणि त्यांतल्या एकात, वाळून दगड झालेल्या चिखलात, एका कासवाचे फुटलेले कवच रुतलेले होते. पाणी आटू लागले की ही मऊ पाठीची कासवे ओल्या चिखलात स्वतःला गाडून घेतात आणि पावसाची वाट पाहतात. यंत्राच्या बकेटला चिखल आणि कासव यांतला फरक कळण्याचा प्रश्नच नाही.

जे कासवाचे, तेच माशांचे. त्या तलावावर भेटलेले ढिवर समाजातले एक वयस्क मासेमार म्हणाले, “पाणी आटलं का वाघूर चिखलात बसते, गुरुजी. पहिल्या पाण्यात वर येते.” मरळ, वाघूर, शिंगूर यांसारख्या स्थानिक माशांना हवेतून श्वास घेता येतो, त्यामुळे ते ओलसर गाळात तग धरतात आणि मृगाच्या पहिल्या सरींत तलावाच्या उथळ, गवताळ कडेकडे व धानाच्या बांध्यांकडे धाव घेतात. कटला आणि रोहूचे बीज दरवर्षी विकत आणून सोडावे लागते. स्थानिक मासा आपला आपण वाढतो आणि बाजारात त्याला भावही चांगला मिळतो. उथळ काठ गेला की त्याची वाढण्याची जागा जाते, आणि तलाव ठेक्याने घेणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्थांच्या उत्पन्नावर त्याचा परिणाम होतो. पक्षी आणि ढिवर यांचे हित येथे एकच आहे, पण खोलीकरणाचे अंदाजपत्रक तयार होताना या दोघांपैकी कोणालाही विचारले जात नाही.

येथे गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट लिहितो. गाळ काढण्याला माझा विरोध नाही. मी स्वतः शेतकरी कुटुंबातला आहे आणि तलावातल्या गाळाने हलक्या जमिनीचा कस कसा सुधारतो हे आम्ही अनुभवले आहे. पूर्वी उन्हाळ्यात बैलगाड्या तलावात उतरत आणि ज्याला जेवढा गाळ हवा तेवढा तो घेऊन जात असे. त्याने तलावाचीही निगा राहत असे. राज्य शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेली आणि २०२३ मध्ये पुन्हा हाती घेतलेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना त्याच जुन्या रीतीला बळ देणारी आहे. अनेक तलावांची साठवण खरोखरच घटलेली आहे आणि धानाला शेवटचे एक पाणी न मिळाल्याने पीक हातचे जाते, हे दुःख आमच्या गावांना नवीन नाही. प्रश्न गाळ कोठून, किती आणि कशा पद्धतीने काढायचा एवढाच आहे.

शेतीच्या दृष्टीने पाहिले तरी सरसकट खोदण्याला आधार नाही. तुडुमाच्या सर्वांत खालच्या तोंडाची जी पातळी असते, तिच्या खाली साठलेले पाणी पाटाने शेतात जाऊच शकत नाही. ते तलावातच राहते, किंवा पंप लावून उपसावे लागते. म्हणजे वरच्या उथळ बाजूला या पातळीपेक्षा खोल खड्डे खणले, तर कागदावर साठवण वाढते, पण पाळीखालच्या लहान शेतकऱ्याच्या बांधीत त्यातला थेंबही पोचत नाही. दुसरे असे की गाळाच्या थराखाली बहुतेक ठिकाणी मुरूम लागतो. तळाशी बसलेला बारीक चिकट गाळाचा थरच तलावाचे पाणी धरून ठेवतो. तो फोडून यंत्र मुरमात गेले, तर पाणी झिरपून जाण्याची वाट मोकळी होते. शेतकऱ्याला शेतात मुरूम नको असतो. रस्त्याच्या भरावाला मात्र तो हवा असतो, आणि गाळाच्या नावाखाली मुरूम जाऊ लागला की खोदकाम कुठे थांबवायचे याचा हिशेब शेतीच्या हातून निसटतो. यावर देखरेख ठेवणे हे पक्षिनिरीक्षकांचे काम नाही, पण डोळ्यांना दिसते ते सांगणे कर्तव्य आहे.

पाणवनस्पतींचा विषय याहून नाजूक आहे. देवधान, गाद, चौरा, परसूड ही नावे आमच्याकडच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतात. यांतली काही पाण्याखाली वाढतात, काही पाण्यावर पसरतात, काही काठाच्या चिखलात उभी राहतात. कुणाच्या आडोशाला मासा अंडी घालतो, कुणाचे कंद पक्षी खातात, कुणाच्या पानांवर कमळपक्ष्याचे घरटे तरंगते. या सगळ्यांची जागा गेल्या काही दशकांत ‘बेशरम’ नावाच्या झुडपाने बळकावली. बेशरमीचे फांदीचे तुकडे चिखलात पडले तरी रुजतात, त्यामुळे यंत्राने ती तोडून, मोडून, मातीबरोबर पसरवून दिली की पुढच्या वर्षी दुप्पट जोमाने उगवते. ती मुळासकट, हाताने, पाणी कमी असताना काढावी लागते आणि वाळवून नष्ट करावी लागते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजातील महिलांच्या सहभागाने हे काम अनेक तलावांत करून दाखवले आहे; बेशरम काढायची, तळ हलकेच नांगरायचा आणि शेजारच्या चांगल्या तलावातून आणलेल्या स्थानिक वनस्पती पुन्हा लावायच्या, अशी त्यांची पद्धत आहे. तलावात कंबरभर पाण्यात उभे राहून रोपे लावणाऱ्या या महिलांना कोणत्या वनस्पतीला किती पाणी लागते याचे जे ज्ञान आहे, ते कोणत्याही अंदाजपत्रकात सापडणार नाही. खोलीकरणाचे यंत्र मात्र अशा तलावात एका दिवसात ती सारी मेहनत पुसून टाकू शकते.

सारसाविषयी लिहिल्याशिवाय गोंदिया जिल्ह्यातल्या कोणत्याही तलावाविषयीचे पत्र पुरे होणार नाही. उभा राहिला तर माणसाएवढा उंच, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असलेला हा पक्षी महाराष्ट्रात आता जवळजवळ फक्त गोंदिया, भंडारा आणि लगतच्या भागात उरला आहे, आणि त्याची संख्या वीस-तीस-चाळीसच्या आसपास रेंगाळते आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये वृत्तपत्रातील बातमीवरून या विषयाची स्वतःहून दखल घेतली, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. बातमीने किती काम होऊ शकते याचे ते उदाहरण आहे. विजेच्या तारा आणि शेतातील कीटकनाशके यांवर त्यानंतर चर्चा झाली, ती आवश्यकच होती. तलावांच्या काठाची चर्चा मात्र मागे राहिली. सारस पावसाळ्यात, धानाच्या बांधीत किंवा देवधान-गवताच्या उथळ पाण्यात गवताचा मोठा ढीग रचून घरटे करतो आणि बहुधा दोन अंडी घालतो. बांधीत घरटे झाले तर शेतकऱ्याचे थोडे पीक जाते आणि तरीही अनेक शेतकऱ्यांनी ते सोसून घरटी राखली आहेत, त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु उन्हाळ्यात, जेव्हा बांध्या कोरड्या असतात, तेव्हा सारसाची जोडी याच उतरत्या तलावांच्या ओल्या काठांवर कंद उकरत दिवस काढते. तो काठ उभ्या भिंतीचा झाला तर एवढा मोठा पक्षीदेखील तिथे निरुपाय होतो.

वाचकांना असे वाटू शकेल की पाणथळ जागांना कायद्याचे संरक्षण आहेच. दुर्दैवाने आमच्या तलावांना ते नाही. पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ यांच्या व्याख्येतून धानाची शेते आणि खास सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळले आहेत. मामा तलाव सिंचनासाठीच बांधले गेले, म्हणून तीनशे-चारशे वर्षे पक्षी, मासे आणि माणसे यांना सांभाळूनही ते नियमाच्या भाषेत पाणथळ ठरत नाहीत. नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी ही महाराष्ट्रातील तीन स्थळे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली याचा आनंद आहे. पूर्व विदर्भातले एकही नाव त्यात नाही. मला मोठ्या यादीत नाव यावे असा आग्रह नाही. हजारो लहान तलाव एका यादीत मावणारही नाहीत. पण ज्या योजनेतून त्यांच्यात यंत्रे उतरतात, त्या योजनेच्या अटींतच त्यांच्या काठाची सोय करता येईल आणि त्यासाठी नवा कायदा लागणार नाही.

ती सोय काय असावी याविषयी, इतर निरीक्षकांशी आणि मासेमारांशी बोलून, काही सूचना करतो. ज्या तलावांत यंदा काम होणार आहे त्यांची यादी होळीच्या सुमारास ग्रामसभेत वाचली जावी आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. काम सुरू होण्याआधी अभियंता, मच्छीमार संस्थेचा प्रतिनिधी, पाळीखालचा एखादा शेतकरी आणि तालुक्यातील कोणी पक्षिनिरीक्षक अशा चौघांनी एका सकाळी तलावाभोवती फिरून कोठे खोदायचे आणि कोठे नाही याच्या खुंट्या ठोकाव्यात. एका सकाळचे काम आहे, त्यासाठी समिती नेमण्याची गरज नाही. खोदकाम पाळीच्या बाजूला, तुडुमाच्या पातळीपर्यंतच व्हावे आणि वरच्या उथळ बाजूचा किमान तिसरा हिस्सा जसाच्या तसा राखावा. जिथे खोदले जाईल तिथेही कड उभी न ठेवता गुरांना आणि पक्ष्यांना उतरता येईल असा लांब, मंद उतार द्यावा. उभ्या खड्ड्यांत गुरे आणि लहान मुले बुडण्याचा धोका आहे, तेवढ्या एका कारणासाठीसुद्धा ही अट पुरेशी आहे. मुरूम लागला की काम थांबावे. आणि एकाच परिसरातील सगळे तलाव एकाच उन्हाळ्यात खोदू नयेत, म्हणजे एका तलावातून उठलेल्या पक्ष्यांना आणि वनस्पतींच्या बियाण्याला शेजारच्या तलावाचा आधार राहील.

उथळ बाजू राखल्याने काही तलावांत थोडे पाणी कमी साठेल, हे मी मान्य करतो. ते नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण उथळ बाजूचे पाणी उन्हाने सर्वांत आधी आटते, उन्हाळी धानापर्यंत ते क्वचितच टिकते, त्यामुळे हा तोटा कागदावर दिसतो त्याहून बराच कमी आहे. त्याच्या बदल्यात मासळी राहते, गुरांना चैत्र-वैशाखात हिरवा चारा मिळतो आणि पहिल्या पावसात काठाचे गवत शेतातून वाहून येणारी माती अडवते, म्हणजे गाळ पुन्हा भरण्याचा वेगही कमी होतो.

माझ्या पक्षिनिरीक्षक मित्रांनाही याच पत्रातून एक विनंती आहे. मारुती चितमपल्ली यांनी नवेगाव बांधच्या परिसरात वर्षभर, सर्व ऋतूंत, माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्या माणसाचे बोट धरून तलाव पाहिला. आपण मात्र थंडीत येतो, छायाचित्रे घेतो आणि संक्रांतीनंतर फिरकत नाही. त्यातही काही जण गाडी थेट ओल्या काठावर घालतात किंवा चांगल्या छायाचित्रासाठी थवा मुद्दाम उठवतात, तेव्हा परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवणाऱ्या पक्ष्याची सकाळ आपण वाया घालवत असतो. मार्च-एप्रिलमधल्या एखाद्या शनिवार-रविवारी आपल्या गावाजवळचा एकच तलाव निवडावा, पहाटे पाळीवर शांत बसावे आणि कोणता पक्षी कोणत्या बाजूला, किती पाण्यात, काय करताना दिसला याची नोंद करावी. दुर्मीळ पक्ष्याच्या एका छायाचित्रापेक्षा अशी साधी नोंद अंदाजपत्रकाला जोडण्यासाठी अधिक उपयोगी पडेल. ज्यांना शक्य आहे त्यांनी ती ग्रामपंचायतीला लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

आपल्या वृत्तपत्राने या विषयावर तालुका वार्ताहरांमार्फत यंदाच्या कामांची माहिती मिळवून प्रसिद्ध करावी, अशी नम्र विनंती आहे. मृग नक्षत्राला अजून काही आठवडे आहेत. बहुतेक ठिकाणी कामे सुरू व्हायची आहेत किंवा नुकतीच सुरू झाली आहेत, त्यामुळे वर सुचवलेल्या खुंट्या याच हंगामात ठोकता येतील. गोंदिया आणि भंडारा या दोन्ही जिल्हा परिषदांच्या लघुपाटबंधारे विभागांना आणि संबंधित मच्छीमार संस्थांना या पत्राची प्रत मी स्वतंत्रपणे पाठवीत आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक व पक्षिनिरीक्षक,
अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया